तांबडी खुडूक झाली

पुण्यात पत्ता विचारला तर लोक सांगतील किंवा सांगणार नाहीत, पण खुडूक, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसलेल्या, कोंबडीवरचा उपाय न विचारता मिळतो. एरवी ‘अंडी किती देते हो?’ एवढ्यापुरताच ज्यांना आमच्या कोंबड्यांत रस असतो, ती माणसं कुंपणाशी येऊन थांबतात, मान वाकडी करून खुराड्यात डोकावतात आणि आवाज उतरवून विचारतात, ‘बसली का?’ बसली, म्हटलं की पुढचा अर्धा तास गेला.

विश्रांतवाडीत कोंबड्या पाळणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. आळंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या, टिंगरेनगर, धानोरी, कळस सगळीकडे बैठी घरं पाडून पार्किंग आलं. आमचं घर अजून बैठं आहे. मागे पेरूचं झाड, झाडाखाली खुराडं, खुराड्यात चार कोंबड्या. कोंबडा नाही. कोंबडा ठेवला की पहाटे चारला समोरच्या तीन मजल्यांचे दिवे लागतात आणि सकाळी सातला तिन्ही मजले दारात येतात. चारांपैकी दोघी गिरिराज, म्हणजे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पाळणीसाठी तयार केलेल्या जातीच्या. तिसरी कडकनाथ, जिच्या झाबुआतल्या माहेराला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिची चाल बदलली असं आमच्या घरात मानतात. आणि चौथी तांबडी. निव्वळ गावठी. चऱ्होलीच्या मामांनी भाजीच्या पिशवीत घालून आणून दिलेली.

खुडूक बसली ती अर्थातच तांबडी. गिरिराज या भानगडीत सहसा पडत नाहीत. कडकनाथ अंडी घालते, पण ती उबवण्याची तिला फारशी हौस नसते. झाबुआकडचे लोकही तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवतात. उबवणं हे काम शेवटी गावठीच्या वाट्याला येतं.

खुडूक कोंबडी ओळखायला पुस्तक लागत नाही. ज्या जागेवर चौघी आळीपाळीने अंडी घालून पाच मिनिटांत कोकलत बाहेर यायच्या, ती जागा तांबडीने एका सकाळी धरली आणि पीएमपीच्या गर्दीत खिडकीशी बसायला मिळालेल्या प्रवाशासारखी ती तिथून हलेना. अंग पसरून ती दुप्पट झाली. डोळे एका जागी लागले. हात पुढे केला की आधी घशातून खालच्या पट्टीतली गुरगुर, मग मानेची पिसं उभी, आणि तरीही हात आत गेलाच तर मनगटावर अशी टोच, की चिमटा काढलेली जागा दोन दिवस दुखावी. लोहगावच्या विमानतळावरून सुखोई उडालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीतली भांडी वाजतात, कुत्री भुंकायला लागतात. तांबडीने मान वर केली नाही. मात्र बायकोच्या बांगड्या वाजल्या की तिला लगेच कळे, कारण बांगड्या अंडी न्यायला येतात आणि विमान येत नाही.

एका संध्याकाळी मी तिला दोन्ही हातांनी उचललं. खाली अंडं एकही नव्हतं. होता फक्त भुसा, तिच्या स्वतःच्या पोटाची पिसं आणि तिसऱ्या कोंबडीच्या पायाने आलेला पेरूच्या फांदीचा तुकडा. त्या तुकड्यावर ती मोठ्या निष्ठेने बसली होती. तिच्या पोटाखाली हात लागला तेव्हा चटका बसल्यागत झालं. पिसं उपटून तिथे उघडं पडलेलं कातडं कढत होतं. अंड्याला आपली ऊब थेट लागावी म्हणून कोंबडी मधली पिसं काढून टाकते. जमिनीवर ठेवल्यावर ती क्षणभर तशीच फतकल मारून राहिली, मग उठली, एक प्रचंड शीट टाकली (खुडूक कोंबडी दिवसभराचं साठवून ठेवते, याचा वास ज्याने घेतला तो विसरत नाही), घाईघाईने चार दाणे टिपले, दोन घोट पाणी प्यायली, मातीत अर्धवट लोळली आणि परत जागेवर. अख्ख्या दिवसाचा संसार एवढ्यात आटोपला.

आता उपाय. शेजारचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा प्रत्येक प्रश्नाकडे बघण्याचा दृष्टिकोन तापमानाचा. ‘तिच्या पोटात उष्णता झालीय. बादलीत गार पाणी घ्या, पोटापर्यंत बुडवा, दोनदा. उतरते.’ उष्णता होते हे खरंच आहे. पण भिजलेली कोंबडी जूनच्या हवेत दिवसभर वाळत नाही, सर्दी धरते, आणि वाळली की पुन्हा जाऊन बसते, असं मामांचं म्हणणं. भाजीवाल्या मावशींचा उपाय डालग्याचा: ‘टोपलीखाली झाका दोन दिवस, दाणापाणी बंद. भूक लागली की आठवण येते.’ उपाशी ठेवून कुणालाही अक्कल येते यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. शिवाय टोपलीखाली अंधार, ऊब आणि एकांत, म्हणजे खुडूक कोंबडीला जे हवं तेच. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थांबत नाही हे म्हणीला ठाऊक आहे, कोंबडी झाकून खुडूक जात नाही हे डालग्याला.

आईकडे जुन्नरकडचा उपाय होता. तिच्या आजीच्या काळी खुडूक कोंबडीच्या नाकपुडीतून तिचंच पीस आरपार ओवत. कोंबडी ते काढायच्या नादात दिवसभर हिंडत राही आणि बसायचं विसरे. आईने हे सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाली, ‘मला कधी बघवलं नाही ते. तू करू नकोस.’ एवढ्या स्पष्टपणे मागे घेतलेला सल्ला त्या आठवड्यात तेवढाच मिळाला.

दूधवाला सगळ्यांत थोडक्यात बोलला. ‘आखाड तोंडावर आलाय, साहेब.’ आषाढ लागला की श्रावणाच्या आत जे काय खायचं ते खाऊन घ्यायचं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता, आणि अंडी न देणारी कोंबडी या महिन्यात फार काळ कोंबडी राहत नाही. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मापटं जरा जास्तच भरलं.

खरा उपाय भाच्याने सांगितला, आणि तो चांगला आहे म्हणून नीट सांगतो. खालून जाळी असलेला पिंजरा घ्यायचा, तो विटांवर उंच ठेवायचा, आत दाणा-पाणी भरपूर, भुसा-पेंढा अजिबात नाही. खालून वारा लागत राहिला की पोटाची ऊब उतरते, बसावं असं ठिकाण सापडत नाही, आणि तीन-चार दिवसांत कोंबडी ताळ्यावर येते. पुढे दोनेक आठवड्यांनी पुन्हा अंडी सुरू. यात मारझोड नाही, उपासमार नाही. अंडी हवी असतील आणि पिल्लं नको असतील, तर हाच मार्ग.

पण आईला एक विचारायचं होतं. ‘तिला झालंय काय नक्की?’ भाच्याने फोनमध्ये पाहून सांगितलं: रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे अंडी घालणं थांबतं आणि बसावंसं वाटतं. बायकांच्या अंगावर दूध आणतं तेच हे संप्रेरक. आई म्हणाली, ‘म्हणजे बाळंतीण आहे. मग पिंजऱ्यात कशाला घालताय?’

या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नव्हतं, विशेषतः पुण्यात. कारण कोंबडीचा खुडूकपणा पद्धतशीर मागे सारण्याचं काम देशात ज्या गावांतून झालं त्यांत हे गाव वरचं. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं मुख्य ठाणं पुण्यात आलं. बीव्ही 300 ही त्यांची पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालते. तीनशे पासष्टातून तीनशे वजा केले तर बसायला तिला दिवस उरतातच किती? 1982 साली राव यांच्याच पुढाकाराने एनईसीसी, म्हणजे नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, उभी राहिली, आणि दूरदर्शनवरच्या ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ या जाहिरातीने वारांचा भेद मिटवला. या सगळ्याच्या मुळाशी व्हाइट लेगहॉर्नचं रक्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कोंबड्या बसत नाहीत त्यांचीच अंडी पुढे न्यायची, बसणाऱ्या बाजूला काढायच्या, असं करत करत बसण्याची इच्छाच निवडून बाहेर टाकलेली ही जात.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आंबेडकर चौकाजवळ रात्री अकरा वाजता भुर्जीची गाडी लागते, तिथे कष्टाच्या माणसाला परवडेल अशा भावात पोट भरतं, ते या न बसणाऱ्या कोंबडीच्या जिवावर. सगळ्या देशाच्या कोंबड्या तांबडीच्या मार्गाने गेल्या असत्या, तर अंडं हा सणासुदीचा पदार्थ राहिला असता.

फक्त एक गोष्ट झाली. कोंबडी बसायची थांबली, पण कुणीतरी बसायला हवंच होतं. म्हणून यंत्र बसलं. मुळा ओलांडून खडकीला गेलं की तिथे राज्य सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. उबवणी यंत्रात अंडी अठरा दिवस एका कपाटात राहतात, तासातासाला ट्रे कलतात, कारण कोंबडी चोचीने अंडी फिरवत असते. शेवटचे तीन दिवस दुसऱ्या कपाटात, न हलवता, कारण तेव्हा कोंबडीही फिरवणं थांबवते. तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास, हवेत दमटपणा. इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत, आणि तिथला कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखे. पापणीच्या जागी आता तापमापक आला. पण अठरा आणि तीन, एकूण एकवीस. विजेवर चालणाऱ्या, लाख अंडी पोटात घेणाऱ्या यंत्रालाही यातला एक दिवस कमी करता आलेला नाही. तांबडीला जे पोटातून ठाऊक आहे, त्याचीच ही सगळी नक्कल.

भाचा म्हणाला, मग आपणही थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावू, कोंबडी मोकळी. लहानपणी एडिसन अंड्यांवर स्वतःच जाऊन बसला होता अशी गोष्ट त्याच्या चरित्रांतून सांगतात. भाच्याने निदान बल्बपर्यंत मजल मारली होती. पण पहिल्या पावसाबरोबर आमच्या भागातले दिवे जातात आणि येण्याची वेळ कुणी सांगत नाही. तांबडीला तो प्रश्न नव्हता.

तेव्हा ठरलं, बसवायची.

अंडी आणायला मामांनाच सांगावं लागलं, कारण आमच्या कोंबड्यांची अंडी कोंबड्याविना, म्हणजे खाण्याची. ती कितीही उबवली तरी सडतील. दुकानातल्या अंड्यांचंही तेच. कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी लागतात. मामा अकरा अंडी भुशात घालून घेऊन निघाले तो नेमका माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येण्याचा दिवस. आळंदी रस्ता सकाळपासून वाहनांना बंद. दिघीपासून विश्रांतवाडीपर्यंत नुसते टाळ आणि पताका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आणि चहा वाटायला मांडव घातला होता. मामा दिंडीच्या कडेकडेने पिशवी छातीशी धरून चालत आले, आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी त्यांना खाऊ आहे का म्हणून विचारलं, त्यांना त्यांनी पिशवीत काय आहे ते सांगितलं नाही. वारीच्या वाटेवर अंड्यांची पिशवी हा विषय न काढलेला बरा.

अंडी रात्री ठेवायची, अंधारात. दिवसा बदल केला तर कोंबडी बिथरते. आईने टोपलीत भुशाखाली कोळशाचा एक खडा ठेवायला लावला, वीज कडाडली तर अंड्यांना बाधू नये म्हणून. कोळशाने विजेचं काय होतं ते मी विचारलं नाही. मी एक-एक अंडं तांबडीच्या छातीखाली सरकवत गेलो. पहिल्याला तिने टोचलं. दुसऱ्याला गुरगुरली. तिसऱ्यापासून तिने चोच खाली नेली आणि स्वतःच अंडं आत ओढून घेतलं. पेरूची फांदी मी हळूच काढून घेतली. तिचं लक्ष नव्हतं.

पुढचे तीन आठवडे घरात दोन वेळापत्रकं चालली. वर्तमानपत्रात पालखीचा मुक्काम पाहायचा आणि खुराड्यात तांबडीचा. सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरा ओलांडून पालखी लोणंदला होती तेव्हा आम्ही रात्री अंडी तपासली. मोबाईलचा टॉर्च मुठीत धरायचा, त्यावर अंडं टेकवायचं. नऊ अंड्यांत लाल बारीक शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका. दोन नुसतीच पिवळट, वांझ. ती काढली. ज्यांनी गार पाण्याची बादली सुचवली होती त्या काकांनी तो ठिपका हललेला पाहिला आणि चष्मा पुसला. त्यानंतर ते रोज संध्याकाळी ‘आज कुठवर?’ असं विचारत. पालखी की पिल्लं, हे आम्ही आपापल्या मनाने ठरवून उत्तर देत होतो.

पंढरपुरात एकादशी झाली आणि दोन-तीन दिवसांत खुराड्यातून नवा आवाज यायला लागला. अंड्याच्या आतून चिवचिव, आणि बाहेरून तांबडीचं खालच्या पट्टीतलं टुक-टुक. पिल्लू कवचात असतानाच आईचा आवाज ओळखू लागतं. गुरुपौर्णिमेच्या पहाटे पहिलं अंडं फुटलं. चोचीच्या टोकावर एक पांढरा कठीण कण असतो, त्याने पिल्लू आतून कवच खरवडत गोल फिरतं. मग तो कण गळून जातो, आयुष्यात पुन्हा लागत नाही. पहिलं पिल्लू सकाळी आणि शेवटचं दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर तांबडी उठली नाही, आणि पहिल्या पिल्लाने काही खाल्लं नाही, कारण बाहेर येण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि दोन-तीन दिवस त्यावर निभावतं. मागून येणाऱ्या भावंडांची वाट पाहता यावी अशी ही सोय. याच सोयीवर हॅचऱ्यांचा धंदा चालतो: एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबवर पाठवता येतात, दाणा न देता.

नवांतून सात निघाली. रानीखेत रोगाची लस देणं भाग होतं, आणि ती बाटली शंभर पक्ष्यांच्या हिशोबाने येते. उरलेल्या त्र्याण्णवांचं काय, असं आईने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, शेजाऱ्यांना बसू द्या खुडूक.

महिन्या-दीड महिन्यात तुरे लाल व्हायला लागले आणि सातांतले चार कोंबडे निघाले. ते आरवायला लागायच्या आत मामा पिशवी घेऊन आले. तांबडीने तोवर पिल्लांना चोचीने हाकलून स्वतःचं स्वतः खायला लावलं होतं, आणि एक दिवस ती पुन्हा अंडं घालून कोकलत बाहेर आली, बाकीच्या तिघींसारखी. ज्या आठवड्यांत तिने अंडी दिली नाहीत त्यांचा हिशोब बायकोने एकदा मांडला होता. तो कागद आता कुठे आहे ते तिलाही माहीत नाही.

मला वाटतं, खुडूक हा शब्द आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, कारण आपला हिशोब अंड्यापाशी संपतो. कोंबडीचा तिथे सुरू होतो. अंडं हे तिचं अर्धं काम. ते अर्धं आपण रोज उचलून नेतो, आणि उरलेलं अर्धं ती करायला बसली की उपाय शोधायला लागतो. नेण्यात गैर काही नाही, कोंबडी त्यासाठीच पाळतो. पण तिला आजारी म्हणू नये, आळशी तर मुळीच म्हणू नये. एकवीस दिवस एका जागी, दिवसाला दहा मिनिटांच्या सुट्टीवर काम करणारं दुसरं कुणी आमच्या गल्लीत नाही.

तुमच्याकडे कोंबडी बसली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरवा. पिल्लं हवी असतील तर कोंबडा असलेल्या घरची ताजी अंडी आणा, रात्री ठेवा, दाणापाणी जवळ ठेवा आणि हात लावू नका. नको असतील तर जाळीचा पिंजरा उंचावर ठेवा, खालून वारा लागू द्या. बादली, पीस आणि डालगं यांच्या वाटेला जाऊ नका. आणि बसवणारच असाल, तर निघणारे कोंबडे कुणाला द्यायचे ते अंडी ठेवण्याआधी नक्की करा. विश्रांतवाडीत तरी ते कुणी ठेवून घेत नाही.